पुण्यातली कब्रस्तानं सांभाळायची कुणी?

खडकीला मुळा रोडवर दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचं कब्रस्तान आहे. पुण्यातल्या बहुतेकांनी ते बाहेरूनच पाहिलेलं असतं. आत गेलं की कापलेलं गवत, फुलझाडांचे वाफे आणि एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगा दिसतात. सोळाशेच्या वर सैनिक तिथे झोपलेत. शिपाई असो की मोठा अधिकारी, दगड एकाच मापाचा. दगडावर नाव, पलटण, तारीख आणि ज्याच्या त्याच्या धर्माची खूण. त्यांचे नातेवाईक हजारो मैलांवर, तेही आता तिसऱ्या-चौथ्या पिढीतले. तरी एकही नाव वाचता येत नाही असं होत नाही.

तिथून आठ-दहा किलोमीटरवर, शहराच्या पूर्व भागातल्या एका पेठेत आमचं कब्रस्तान आहे. त्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे लिहितोय ते पुण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या कब्रस्तानाला लागू पडेल. तिथे झोपलेल्यांची मुलं-नातवंडं पाच मिनिटांच्या अंतरावर राहतात आणि जुम्म्याच्या नमाजानंतर त्याच रस्त्यानं घरी जातात. आत पुरुषभर उंच गवत, बाभळी, भिंतीवरून टाकलेल्या कचऱ्याच्या पिशव्या, आणि आडवेतिडवे पडलेले दगड. वर्षातून एकदा, शब-ए-बरातच्या आधी, सफाई होते. त्या रात्री दिवे लागतात, अगरबत्त्या लागतात, फुलांच्या चादरी येतात, पोरंटोरं बापाचा हात धरून फातिहा पढायला येतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गवत वाढायला मोकळं.

हा फरक पैशाचा आहे असं म्हणून मोकळं होता येतं. पैसा आहेच. पण त्याआधी एक साधी गोष्ट आहे. खडकीच्या कब्रस्तानाची जबाबदारी कुणाची, याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. आमच्या कब्रस्तानाच्या बाबतीत त्याच प्रश्नाला पाच उत्तरं मिळतात, आणि पाचही जण दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

खडकीची व्यवस्था कशी उभी राहिली ते आधी सांगतो. पहिल्या महायुद्धात माणसं इतकी मेली की त्यांच्या कबरींचा हिशेब ठेवायला १९१७ साली ब्रिटिश साम्राज्यानं एक स्वतंत्र आयोग नेमला. आज त्याला राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणतात. सहा देश मिळून तो चालवतात आणि भारत त्यातला एक आहे. ज्या देशाच्या जितक्या कबरी, तितका त्याचा वाटा. खडकीतलं सगळ्यात शिकण्यासारखं मात्र त्या कबरींमध्ये नाही, तिथल्या स्मारकात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेलेले सुमारे अठराशे सैनिक भारत-पाकिस्तानातल्या ठिकठिकाणच्या जुन्या कब्रस्तानांत पुरलेले होते. त्या विखुरलेल्या कबरी कायमच्या सांभाळणं शक्य नाही हे आयोगानं ओळखलं, आणि त्या सगळ्यांची नावं खडकीत एका जागी कोरून ठेवली. कबर राखता आली नाही, पण नाव राखलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचंय.

या आयोगाचं फार कौतुक करायचीही गरज नाही. सगळे सारखे हे तत्त्व त्यांनी युरोपात पाळलं, आफ्रिका-आशियात नाही. २०२१ साली त्यांनीच नेमलेल्या समितीनं कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. त्यांत बहुतेक आफ्रिकी होते, आणि आपले हिंदुस्थानी शिपाईही होते. म्हणजे विसरायचं कुणाला हे तिथेही ठरवलेलंच होतं. पण त्यांच्याकडे निदान यादी होती, म्हणून यादीत कोण नाही हे शंभर वर्षांनी तरी मोजता आलं. आपल्याकडे कोण हरवलं ते मोजायलाही काही नाही.

आता आमची पाच उत्तरं.

पहिलं उत्तर, मुतवल्ली किंवा ट्रस्ट. कब्रस्तान बहुतेक वेळा वक्फ असतं. कुणीतरी दोन-तीनशे वर्षांपूर्वी जमीन अल्लाहच्या नावे सोडलेली असते, किंवा पिढ्यान्‌पिढ्या तिथे दफन होत आल्यामुळे ती वक्फ मानली गेलेली असते. राखण मुतवल्लीनं करायची. पण ट्रस्टमधली मंडळी म्हणजे कोण? एखादे निवृत्त कारकून, एखादे फळांचे व्यापारी, एखादे गॅरेजवाले. मय्यत आली की कबर खोदणाऱ्याची मजुरी, पाण्याचं बिल, गेटवरच्या दिव्याचं बिल, एवढंच त्यांच्या हातून होतं. लोक वाटतात तितके वाईट नसतात ते. रात्री अडीच वाजता फोन आला तरी उठून कुलूप उघडणारी हीच माणसं.

दुसरं उत्तर, वक्फ बोर्ड. महाराष्ट्राचं वक्फ बोर्ड २००२ साली स्थापन झालं, मुख्य कार्यालय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. वक्फ कायद्यात एक बारीक गोष्ट आहे जिच्याकडे कुणी पाहत नाही. ज्या वक्फचं वार्षिक निव्वळ उत्पन्न पाच हजारांच्या वर आहे त्यानं बोर्डाला अंशदान द्यायचं, पूर्वी सात टक्के, २०२५ च्या कायद्यानं जास्तीत जास्त पाच. ज्या दर्ग्याच्या भोवती दुकानं आहेत, ज्या मशिदीच्या नावे शेती आहे, तिथे उत्पन्न आहे, म्हणून हिशेब आहे, म्हणून तपासणी आहे, आणि म्हणून भांडणंही आहेत. कब्रस्तानाला उत्पन्न काय? केंद्र सरकारच्या नोंदीत देशभर वक्फच्या पावणेनऊ लाखांच्या आसपास स्थावर मालमत्ता आहेत, आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा कब्रस्तानांचा आहे, सुमारे दीड लाख. म्हणजे वक्फमधली सर्वांत जास्त जागा अशी, की जी काही कमावत नाही, नुसती खाते. २००६ च्या सच्चर समितीनं वक्फच्या जमिनींची बाजारभावानं किंमत १.२ लाख कोटी रुपये सांगितली, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडात तो आकडा आहे. त्यात कब्रस्तानं विकायची नसतात, भाड्यानं द्यायची नसतात, हे कुणी बोलत नाही. २०२५ मध्ये 'उमीद' पोर्टल आलं आणि सहा महिन्यांत नोंदणी करा म्हणून मुदत मिळाली, तेव्हा ट्रस्टवाले सिटी सर्व्हेचे नकाशे, मालमत्ता पत्रक, जुनी गॅझेटं घेऊन सायबर कॅफेत रांगा लावून बसले होते. ते करणं भागच होतं, जमीन वाचली नाही तर बाकी सगळं फुका. पण त्या धावपळीत सगळं लक्ष चतुःसीमेवर होतं. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला नाला. आत कोण आहे, हा प्रश्नच नव्हता.

तिसरं उत्तर, महापालिका. मृतांच्या विल्हेवाटीच्या जागांची व्यवस्था करणं हे १९४९ च्या महापालिका कायद्यानं पालिकेचं बंधनकारक काम आहे. पालिका भिंत बांधून देते, शेड उभारून देते, दिवे लावते, आणि त्यावर माननीयांच्या नावाची पाटी लावते. कब्रस्तानात सगळ्यात स्वच्छ वाचता येणारा दगड कुठला असेल तर तो हा. (चेष्टा करतोय, पण पावसाळ्यात चिखलातून जनाजा नेताना त्याच शेडचा आधार वाटतो, तेही खरं.)

चौथं उत्तर, पुरातत्त्व खातं. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानं शंभर वर्षं जुनी वास्तू संरक्षित स्मारक होऊ शकते, राज्याचाही १९६० चा तसाच कायदा आहे. सारखं कुणीतरी सुचवतं, 'सर, हेरिटेज म्हणून जाहीर करून घ्या की.' पण केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या भोवती शंभर मीटर बांधकामबंदी येते, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय वीट लावता येत नाही. गावठाणाच्या दाटीत, जिथे निम्मी मोहल्ला-वस्ती मोडकळीस आलेल्या वाड्यांत राहते आणि पुनर्विकासाची वाट पाहते, तिथे हे कोण मागून घेईल? शिवाय जिथे आजही दफन होतं त्या जागेचं स्मारक कसं करणार? देशात केंद्राची साडेतीन हजारांहून जास्त संरक्षित स्मारकं आहेत. त्यांच्यात सुलतान आहेत, सुभेदार आहेत, साहेब आहेत. पिंजारी, बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी, मणियार यांच्या कबरींसाठी तो कायदा केलेलाच नाही.

पाचवं उत्तर, वारस. हे उत्तर कसं फसतं ते पाहायचं असेल तर पाबळला जा.

पाबळ पुण्यापासून साठेक किलोमीटर, शिरूर तालुक्यात. मस्तानीची कबर तिथे आहे. गावात कुणी तिला समाधी म्हणतं, कुणी मजार. बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्तानी गेली. तिचा मुलगा समशेर बहादूर तेव्हा सहा वर्षांचा होता. तो पेशव्यांच्या घरात वाढला, सत्ताविसाव्या वर्षी पानिपतावर लढला, जखमी होऊन भरतपूरच्या जाटांच्या मुलखात पोचला आणि तिथेच मेला. त्याची कबरही तिकडेच. त्याचा मुलगा अली बहादूर बुंदेलखंडात गेला, बांद्याचा नवाब झाला. त्या घराण्यातला शेवटचा नवाब १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, राज्य गेलं आणि पेन्शनीवर इंदूरला जाऊन राहिला. म्हणजे मस्तानीचे वारस कधीच पाबळला नव्हते. आई पाबळला, मुलगा भरतपूरकडे, नातवंडं-पतवंडं बांदा आणि इंदूरला. कबर राखली ती गावानं, जमेल तशी. पुण्यात तिच्या महालाचा एक भाग केळकर संग्रहालयात नीट मांडून ठेवलेला आहे, शाळांच्या सहली तिथे जातात, आम्हीही नेतो. २०१५ साली सिनेमा आला तेव्हा वर्गातल्या पोरींनी विचारलं, 'सर, ती खरंच होती का?' मी पाबळचं नाव सांगितलं. तीस जणींपैकी एकीनंही ते ऐकलेलं नव्हतं.

मस्तानीचं नाव निदान टिकलं. ज्यांचं टिकायला हवं होतं त्यांचं काय झालं ते आमच्या गंज पेठेत दिसतं.

गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे. फुल्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मला जाळू नका, मिठात घालून घरामागे पुरा. त्यासाठी त्यांनी खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा वस्तीत दफनाला नगरपालिकेनं परवानगी नाकारली, मग दहन करावं लागलं आणि अस्थी सावित्रीबाईंनी वाड्यात त्या जागी ठेवल्या. आज तिथे वृंदावन आहे, लोक डोकं टेकवतात. ज्या नगरपालिकेचे ते एके काळी सभासद होते तिनंच नाही म्हटलं, हे मला दर वेळी शिकवताना खटकतं.

त्याच पेठेत उस्मान शेख राहायचे असं सांगतात. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर जोतिबा-सावित्रीबाईंना त्यांनी आसरा दिला. फातिमा शेख त्यांची बहीण. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून जोतिबांना पत्र लिहिलं, त्यात फातिमाची चौकशी आहे. आपण आजारपणामुळे माहेरी अडकलो, तिकडे फातिमाला सगळं एकटीला ओढावं लागत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचं. एक शिक्षिका दुसरीबद्दल जसं लिहील तसंच. गेल्या काही वर्षांत फातिमा शेख यांच्या जयंत्या साजऱ्या झाल्या, पुस्तकात धडे आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर उलटा गदारोळही झाला की ही बाई झालीच नाही, कुणीतरी रचलेली आहे. मी शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडून मला विचारणा झाली. पुरावा काय, म्हणून. पत्र आहे, एक जुना फोटो दाखवतात. पुढे? जन्म कधी, लग्न झालं का, मृत्यू कधी, दफन कुठे? आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरलो. कबर कुणालाच दाखवता आली नाही.

ती पुण्यात दफन झाली असेल आणि तिच्यावर दगड लागला असेल, तर तो दगड याच शहरात कुठेतरी आहे किंवा होता. एखाद्या वजूखान्याच्या पायरीत, एखाद्या भिंतीच्या पायात, किंवा चार फूट मातीखाली.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या कब्रस्तानात नळाजवळ एक सपाट काळा दगड होता, लोक त्यावर उभे राहून पाय धुवायचे. शाळेतली नववीची तीन-चार पोरं एका रविवारी माझ्याबरोबर आली होती. त्यातल्या एकानं दगड उलटा केला तर खाली नस्तालीक अक्षरं. वरचा भाग झिजून गेलेला, नाव अर्धं, शेवटची ओळ मात्र जशीच्या तशी, आणि त्या ओळीत एक शब्द ठळक कोरलेला, 'मगफूर'. म्हणजे ज्याला माफी मिळाली तो. पोरांना वाटलं हे नाव आहे. मग त्यांना खाली बसवून अबजद शिकवली.

अबजद म्हणजे अक्षरांची किंमत. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, असं पुढे. पूर्वीचे शायर कुणाच्या मृत्यूचं साल आकड्यात लिहायचे नाहीत, असा शब्द किंवा मिसरा शोधायचे की ज्याच्या अक्षरांची बेरीज म्हणजेच साल. त्याला 'तारीख कहना' म्हणतात. आपल्याकडे ७८६ लिहितात तेही याच हिशेबानं. मगफूरची बेरीज पोरांनी फरशीवर खडूनं केली. मीम ४०, गैन १०००, फे ८०, वाव ६, रे २००. एकूण १३२६. हिजरी १३२६ म्हणजे इसवी १९०८. पोरं उडालीच. गणितात नापास होणाऱ्या पोरानं सगळ्यात आधी बेरीज सांगितली होती. म्हणजे त्या साली पुण्यात कुणी एक माणूस मेला, त्याच्या माणसांनी तारीख रचून घेतली, कारागिराकडून कोरून घेतली, आणि आपण त्यावर पाय धूत होतो. हा दगड आज वाचणारं कोण आहे? घराघरांत मुलं इंग्रजी माध्यमात, नस्तालीक फक्त कॅलेंडरवर. दहा-वीस वर्षांनी ही अक्षरं बहुतेकांसाठी नुसती नक्षी होईल.

अशी अक्षरं वाचायची पुण्यात मोठी परंपरा आहे, आणि ती फक्त मुसलमानांची नाही. भारत इतिहास संशोधक मंडळातले ग. ह. खरे फारसी शिकले आणि ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड त्यांनी संपादित केले. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे, म्हणजे आपल्याच राज्यात. पण त्यांच्यासाठी शिलालेख म्हणजे मशिदीच्या कमानीवरचा, किल्ल्याच्या दरवाज्यावरचा. १९०८ सालच्या पेठेतल्या अत्ताराचा दगड त्यांच्या यादीत यायचा नाही. तो आपणच वाचायचा.

आणखी एक गोष्ट पोरांच्या लक्षात आली, मला आधी कधी आली नव्हती. बायकांच्या कतब्यांवर पुष्कळदा नावच नाही. 'जौजा अमुक', 'वालिदा अमुक', 'बिन्त अमुक'. अमक्याची बायको, अमक्याची आई, अमक्याची मुलगी. फातिमा शेख सापडत नाही यात नवल ते काय?

ट्रस्टच्या हाजीसाहेबांशी मी हा विषय काढला, कारण बातमी लागली होती की पावसाळ्यानंतर कब्रस्तानात मातीचा भराव टाकणार आहेत. जागा संपली की असंच करतात. शहराची वस्ती वाढली, नवी जागा मिळत नाही, मिळाली तर आजूबाजूच्या सोसायट्या विरोध करतात, मग जुन्या कबरींवर तीन-चार फूट माती टाकून नवा थर करतात. त्यात काही बेकायदा नाही, शरियतच्या विरोधातही नाही. जुनी मय्यत माती होऊन गेली की त्याच जागी दुसरी दफन करायला हरकत नाही, सगळ्या जगात करतात.

हाजीसाहेब म्हणाले, 'सर, तुम्ही शिकलेले आहात, पण एक सांगा. कबर पक्की करायला, तिच्यावर बांधकाम करायला रसूलुल्लाहनी मना केलंय ना? मग दगडाचा एवढा मोह कशाला? मिट्टी में मिल जाना है.'

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. हदीस आहेच. शंभर वर्षांपूर्वी याच विचारानं सौदी राजवटीनं मदिनेतल्या जन्नतुल बकीवरचे घुमट पाडले, आणि त्यावरून मुसलमानांत आजही दोन तट आहेत. आपल्या मोहल्ल्यातही एक मशीद दर्ग्याला जाणाऱ्यांची, एक न जाणाऱ्यांची. त्या वादात मला पडायचं नव्हतं. मी म्हटलं, 'हाजीसाहेब, त्याच हदीसमध्ये कबरीवर बसायलाही मना केलंय. आपण तर पाय धुतो. आणि उस्मान बिन मजऊन यांचं दफन झालं तेव्हा हुजूरांनी स्वतः दगड उचलून त्यांच्या सिरहान्याला ठेवला, ओळख राहावी म्हणून. हेही हदीसमध्येच आहे. पक्की कबर नको म्हणता, मान्य. ओळख नको असं कुठे म्हटलंय?'

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'पण सर, मला रोज मय्यतीला जागा द्यायचीय. जिवंत माणसं दारात उभी असतात.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

माझी आई त्या कब्रस्तानात कधी आत गेलेली नाही. आमच्याकडे बायका गेटपर्यंतच. तिची आई, माझी नानी, तिथे आहे. मी लहान असताना मामा मला घेऊन जायचे, लिंबाच्या झाडापासून सात पावलं. लिंब वाऱ्यात पडला, मामाही गेले. आई दर शब-ए-बरातला विचारते, 'अम्मीच्या कबरीवर फूल टाकलंस ना?' मी जिथे अंदाज आहे तिथे टाकतो. नानीच्या दगडावर नाव होतं का, तेही मला आठवत नाही. बहुधा 'वालिदा' असंच काहीतरी असेल.

म्हणून खडकीची गोष्ट. कबर कायमची राखता येणार नाही हे एकदा मान्य केलं की निम्मं भांडण संपतं. हाजीसाहेबांची माती पडू दे. पण माती पडायच्या आधी प्रत्येक दगडाचा फोटो, त्यावरचा मजकूर, जागा, एवढं तरी लिहून घ्यायचं. इंग्रजांच्या जुन्या कब्रस्तानांसाठी १९७६ साली लंडनमध्ये एक छोटी संस्था निघाली, दक्षिण आशियातल्या कब्रस्तानांची. हौशी माणसं, पेन्शनर लोक. त्यांनी भारतभर गावोगावच्या दगडांवरचे मजकूर उतरवून घेतले आणि ब्रिटिश लायब्ररीत ठेवले. आज इंग्लंडमधला कुणी आपल्या पणजोबाची कबर शोधतो तेव्हा त्याला ती वही मिळते. कबर असो वा नसो. आपल्या कुठल्याही मशिदीत, कुठल्याही जमातीच्या कपाटात अशी वही नाही. दफनाचं रजिस्टर असतं, तेही अलीकडचं, आणि आधीची वाळवीनं खाल्लेली.

याच कॅम्पात लाल देवळाच्या आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. बगदादहून परागंदा होऊन मुंबईत आलेला हा ज्यू व्यापारी १८६४ साली पुण्यात वारला. समाज आता मूठभर उरला तरी कबर नीट आहे, कारण ती प्रार्थनास्थळाला लागून आहे आणि प्रार्थना थांबलेली नाही. आमच्याकडे तर मशिदी भरून वाहतायत.

आणि दुर्लक्ष हे फक्त आपल्याच देशात, आपल्याच समाजात होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये वोकिंगला पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदुस्थानी मुसलमान शिपायांसाठी एक खास कब्रस्तान बांधलं होतं. शिपायांचं दफन रीतीनुसार होत नाही असा जर्मनांनी प्रचार चालवला होता, त्याला उत्तर म्हणून, कमानी-मिनारांचं, देखणं. लढाई संपली तशी त्याची गरज संपली. मोडतोड इतकी झाली की १९६८ साली सगळ्या शिपायांना उकरून जवळच्या ब्रुकवूडच्या लष्करी कब्रस्तानात हलवावं लागलं. मोकळं आवार पडून राहिलं. २०१५ मध्ये त्याची बाग केली, नावं कोरली. सत्तेचाळीस वर्षं लागली.

आमचं सध्या असं चाललंय. रविवारी फजरनंतर दोन तास, सात-आठ पोरं, दोन मोबाइल, एक दप्तरातली लांब वही. दगड आधी नुसत्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायचा. अ‍ॅसिड नाही, तारेची घासणी नाही, चुना नाही, अक्षरं जातात. सकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढायचा, उथळ अक्षरंही सावलीनं उठून दिसतात. वहीत चार रकाने. दगड कुठे आहे, मजकूर जसा आहे तसा उर्दूत, खाली मराठीत अर्थ, आणि हिजरी-इसवी साल. वाचता येत नसेल तिथे ठिपके, अंदाजानं शब्द भरायचा नाही. यावरून पोरांशी रोज वाद होतो, त्यांना प्रत्येक दगडावर कुणीतरी नवाब सापडायला हवा असतो. देवनागरीतले दगडही आहेत, १९५० नंतरचे, 'कै.' आणि 'मरहूम' दोन्ही शब्द एकाच ओळीत असलेला एक आहे. पोरं खूप हसली. मला तो सगळ्यात आवडला.

नळाजवळचा दगड आता शेडच्या भिंतीला टेकवून उभा ठेवलाय. नळाखाली हाजीसाहेबांनी शहाबादी फरशी टाकून घेतली, स्वतःच्या पैशांतून, मला न सांगता.

मागचा कोपरा, नाल्याच्या बाजूचा, अजून वाचायचा राहिलाय. तिथे साप आहेत असं खोदणारा सांगतो. जुन्यात जुने दगड तिकडेच असावेत, आणि भराव तिथूनच सुरू होणार आहे. ज्यांना नस्तालीक वाचता येतं आणि रविवारी दोन तास देता येतात, त्यांनी गमबूट घालून यावं.